कोरडवाहू मुलखातले शास्त्रवाचन

२०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २५ लाख ८५ हजार भरली. त्यात ख्रिस्ती माणसे शंभरात एकही नाहीत. आष्टी-पाटोद्याच्या डोंगरपट्ट्यापासून परळी-अंबाजोगाईपर्यंत विखुरलेली ही थोडी घरे. त्यातल्या पुष्कळ घरांत दिवसाकाठी पवित्र शास्त्राचा एक अध्याय वाचण्याची रीत आहे. कोणी पहाटे वाचतो, कोणी रात्रीची भांडी घासून झाल्यावर. वाचता न येणाऱ्या आजीला नातू वाचून दाखवतो किंवा मोबाइलवर लावून देतो. अध्याय होतो, प्रार्थना होते आणि माणसे आपापल्या कामाला लागतात. हे पुस्तक अशा वाचणाऱ्यांनी लिहिलेल्या मननांचा संग्रह आहे. पाळक, फादर किंवा धर्मशास्त्राचे अध्यापक यांचे लेखन यात जवळजवळ नाही. शेतीवर, दवाखान्यात, शाळेत राबणाऱ्या माणसांनी एकेका उताऱ्याशी बसून जे सुचले ते लिहिले आहे.

देवावर भरवसा ठेवणे आणि वचनातून मार्गदर्शन घेणे हे दोन शब्दप्रयोग आमच्या मंडळ्यांत इतक्या सहजपणे उच्चारले जातात की त्यांचा अर्थ विचारायची सवय राहिलेली नाही. या प्रस्तावनेत मला तो अर्थ विचारायचा आहे. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. रोजच्या वाचनातून त्या त्या दिवसाच्या प्रश्नाचे उत्तर हाती पडते, असे मला वाटत नाही. वर्षानुवर्षे वाचणारा माणूस आतून बदलतो. मग निर्णयाची वेळ आली की तो निर्णय त्याच बदललेल्या माणसाच्या हातून होतो. वचनातून मिळणारे मार्गदर्शन ते हे. आणि भरवसा म्हणजे पाऊस पडेलच अशी खात्री नव्हे. पाऊस न पडलेल्या वर्षीही देवाशी बोलणे न सोडणे याला मी भरवसा म्हणतो.

बीडच्या मातीला रोजच्या पाठाचे नवल नाही. मुकुंदराजांची समाधी अंबाजोगाईची. शके १११० मधला ‘विवेकसिंधु’ त्यांचा. दासोपंतही तिथलेच. कापडावर लिहिलेली त्यांची पासोडी आणि गीतेवरचा अवाढव्य ‘गीतार्णव’ मराठी वाङ्मयाच्या इतिहासात प्रसिद्ध आहेत. श्रावणात पोथी लावणे, सकाळ-संध्याकाळ हरिपाठ म्हणणे, गावात सप्ताह बसवणे हे इथल्या माणसांच्या अंगवळणी पडलेले आहे. ख्रिस्ती घरातला रोजचा अध्याय याच हवेत वाढला. फरक आहे, तो असा की हरिपाठात रोज तेच अभंग येतात आणि मुखाला लागतात, तर अध्यायवाचनात रोज पुढचे पान येते, आवडो न आवडो. लेवीयातले विधी येतात, गणनेतल्या वंशावळ्या येतात, शत्रूचा सूड मागणारी स्तोत्रे येतात. आवडीचे तेवढे वाचायची मुभा नसणे यातच या रीतीची निम्मी ताकद आहे.

मराठीत ही रीत कशी आली, हे नव्या वाचकाने थोडक्यात तरी जाणून घ्यायला हवे. सुरुवात गोव्याची. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना जुन्या पुराणांची जागा रिकामी वाटत होती. त्यांच्यासाठी स्टीफन्सनी सुमारे ११ हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले. १६१६ मध्ये ते राचोलला रोमन लिपीत छापले गेले. ते बायबलचे भाषांतर नव्हते, पण बायबलची कथा मराठी माणसाच्या कानाला ओवीतूनच पेलेल हे त्या परदेशी पाद्र्याने ओळखले, आणि ते आजही खरे आहे. पुढे दोन शतकांनी बंगालमधल्या श्रीरामपुरात विल्यम कॅरी यांनी वैजनाथ पंडितांच्या मदतीने भाषांतराचे काम हाती घेतले. १८०५ मध्ये मत्तयाचे शुभवर्तमान आणि १८११ मध्ये नवा करार छापून निघाला. मुंबईत १८१३ मध्ये आलेल्या अमेरिकन मिशनने त्यानंतर स्वतःची भाषांतरे केली आणि १८४७ मध्ये संपूर्ण बायबल मराठीत मिळू लागले. आज आपण वाचतो ती ‘पवित्र शास्त्र’ची मराठी या भाषांतरांतून आणि नंतरच्या पुष्कळ दुरुस्त्यांतून गाळून आलेली आहे.

बीडच्या वाचनाची मुळे समजून घ्यायची तर दोन शेजाऱ्यांकडे पाहावे लागते. पश्चिमेला अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर. तिथे १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे बसले आणि १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू झाले. ख्रिस्ती कीर्तन, अभंग आणि भजनाची परंपरा याच भागात फोफावली. उत्तरेला गोदावरीपलीकडे जालना. १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले नारायण शेषाद्री तिथे कामाला आले. निजामाच्या राज्यात जमीन मिळवून त्यांनी जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवले. या दोन्ही ठिकाणी मंडळीत आलेल्यांत महार आणि मांग समाजातली माणसे मोठ्या संख्येने होती. शतकानुशतके ज्यांना देवळाची पायरी चढू दिली नव्हती, ज्यांच्या कानावर वेदाचा शब्द पडू दिला नव्हता, त्यांच्या हातात एक अख्खे धर्मशास्त्र आले. आणि आता तुम्ही स्वतः वाचा, असे त्यांना सांगितले गेले. पुस्तक घरात असणे, ते उघडता येणे, त्यावर बोट ठेवून अक्षर लावता येणे यात त्या पिढीला जो मान वाटला, तो आज इंग्रजी शाळेतल्या पोरांना समजावून सांगावा लागतो. रोजच्या वाचनाच्या रीतीखाली तो मान अजून आहे. कित्येक घरांत शास्त्र कापडात गुंडाळून उंचावर ठेवतात, त्यामागे हीच गोष्ट आहे.

मराठी वाचकांच्या या परंपरेत तीन माणसांचा उल्लेख टाळता येत नाही. बाबा पदमनजी यांनी १८५७ मध्ये ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी लिहिली, म्हणून त्यांचे नाव साहित्याच्या इतिहासात येते. नव्या करारावर मराठीत टीका लिहिणारे बाबा पदमनजी मात्र फारसे कोणाला आठवत नाहीत. वाचन डोळसपणे व्हावे, वाचणाऱ्याने विचार करावा, ही त्यांची धडपड होती. नारायण वामन टिळकांना आगगाडीच्या प्रवासात एका अनोळखी युरोपियन सहप्रवाशाने नवा करार दिला आणि तो वाचण्याचे वचन घेतले. डोंगरावरील प्रवचनाशी टिळक अडले, थांबले, आणि १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांनी येशूला अभंगात आणले, त्यामुळे आमच्याकडे वाचन आणि गाणे यांची फारकत झाली नाही. अध्याय वाचायचा आणि लगेच एक गीत म्हणायचे ही जोडी घराघरांत टिकली.

पंडिता रमाबाईंपाशी मी जरा जास्त थांबतो, कारण या पुस्तकाचा विषय त्यांच्या आयुष्यात जितका उघड दिसतो तितका दुसऱ्या कोणा मराठी माणसाच्या आयुष्यात दिसत नाही. सिल्चरला असताना त्यांच्या हाती बंगालीतले लूकचे शुभवर्तमान पडले. पुढे इंग्लंडमध्ये त्या ख्रिस्ती झाल्या, पण त्यांचे खरे वाचन त्यानंतर सुरू झाले. ब्रिस्टलचे जॉर्ज म्यूलर कोणाकडेही पैसे न मागता, केवळ प्रार्थनेच्या भरवशावर अनाथाश्रम चालवत. त्यांचे चरित्र रमाबाईंनी वाचले आणि आपल्यालाही असे करता येईल का, असे स्वतःला विचारले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणि बाया केडगावला आणल्या. हे करताना त्या विहिरी खोदवत होत्या, धान्य साठवत होत्या, शेती लावत होत्या. रमाबाईंच्या लेखी प्रार्थना आणि पहार यांत विरोध नव्हता. आणि हा सगळा पसारा सांभाळत त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, बाया-माणसांना समजेल अशा सोप्या मराठीत संपूर्ण बायबलचे भाषांतर करायला बसल्या. त्यांच्या केडगावच्या मुक्ती सदनातल्या मुलींनी त्याचे खिळे जुळवले, पाने छापली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या आणि त्यानंतर ते बायबल पूर्ण बाहेर आले. एवढ्या कामाच्या धबडग्यात भाषांतराचे प्रयोजन काय, असे कोणालाही वाटेल. मला वाटते, ज्या मुलींना आपण वाचवले त्यांनी आपल्या भरवशावर न जगता स्वतः वाचून जगावे, असे त्यांना वाटत असावे.

जगभरात रोजच्या वाचनाच्या वेगवेगळ्या वाटा आहेत. मठवासी परंपरेत थोडे वाचून पुष्कळ मुरवण्याची रीत होती. बाराव्या शतकात गीगो (दुसरा) या मठवाश्याने वाचन, मनन, प्रार्थना आणि निवांत चिंतन अशा तिच्या चार पायऱ्या सांगितल्या. धर्मसुधारणेनंतर सामान्य माणसाच्या भाषेत बायबल आले आणि वाचन मठातून घरात गेले. जर्मनीतल्या हेर्नहुटच्या मोरावियन मंडळीने १७३१ पासून वर्षातल्या प्रत्येक दिवसासाठी एकेक वचन छापायला सुरुवात केली, ती परंपरा आजही चालू आहे. ही वचने चिठ्ठ्या टाकून निवडली जातात, पण ती सगळ्या वाचकांना सारखीच असतात, कोणा एकाच्या खासगी प्रश्नासाठी नसतात. स्कॉटलंडच्या रॉबर्ट मॅक्शेन यांनी १८४२ मध्ये आपल्या मंडळीसाठी वर्षभराचे कोष्टक केले. स्क्रिप्चर युनियनने १८७९ पासून मुलांसाठी वाचनाची कार्डे काढली. बायबलचे ११८९ अध्याय रोज तीन आणि रविवारी पाच या चालीने वर्षात संपतात, हा हिशेब आमच्याकडे शब्बाथशाळेत मुलांना सांगतात, तो याच परंपरेतून आलेला. महिन्याच्या तारखेप्रमाणे नीतिसूत्रांचा अध्याय वाचण्याची पद्धतही अनेकांना ठाऊक आहे. त्या पुस्तकाचे अध्याय नेमके ३१ आहेत.

कॅथलिक घरांत सामान्य माणसाने रोज स्वतः बायबल उघडायचे, याला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६५ नंतर, खरा जोर आला. मराठीत त्याचे मोठे फळ म्हणजे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’, ज्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. २०२० मध्ये शेजारच्या उस्मानाबादला भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. बायबल हे मराठी साहित्याच्या अंगणातले पुस्तक आहे, हे तिथे वेगळे सांगावे लागले नाही. पेंटेकॉस्टल मंडळ्यांची वाट आणखी वेगळी. आत्मा आज, आता, या वचनातून माझ्याशी बोलतो यावर त्यांचा भर असतो. १९०५ मध्ये रमाबाईंच्या मुक्ती सदनात झालेले आध्यात्मिक जागरण त्या चळवळीच्या जागतिक इतिहासात नोंदले गेले आहे. दलित आणि श्रमिक यांच्या जगण्यातून बायबल वाचणारी परंपरा अलीकडच्या दशकांतली. मिसरातले वेठबिगार, परागंदा विधवा, कोरड्या हौदाशी उभे असलेले लोक यांच्या बाजूने उभे राहून वाचले की मजकूर वेगळा दिसतो, हे तिने दाखवले. या संग्रहात सगळ्या वाटांचे लोक आहेत. मी स्वतः शेवटच्या वाटेच्या जवळचा आहे, हे पुढे कळेलच.

आता मार्गदर्शनाचा प्रश्न. डोळे मिटून पान उघडायचे, बोट ठेवायचे आणि जे वचन येईल ते देवाचे उत्तर मानायचे, ही सवय आमच्याकडे भरपूर आहे. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत वर्षाच्या वचनाची चिठ्ठी उचलतात, ती मी वाईट मानत नाही. वर्षभर एक वचन मनाशी बाळगणे चांगलेच. पण पोरीचे लग्न ठरवायचे की नाही, जमीन विकायची की नाही, ऑपरेशन करायचे की नाही हे जेव्हा असे बोट ठेवून ठरवले जाते, तेव्हा मी गप्प बसू शकत नाही. पुष्कळ जण संत ऑगस्टीनचा दाखला देतात. ३८६ मध्ये मिलानच्या बागेत त्याने पौलाचे पत्र उघडले, जे दिसले ते वाचले आणि त्याचे आयुष्य पालटले. पण त्याच ऑगस्टीनने पुढे एका पत्रात शुभवर्तमानाची पाने ऐहिक कामांसाठी कौल लावायला वापरणे आपल्याला पसंत नसल्याचे लिहिले, आणि हे सहसा कोणी सांगत नाही. शिवाय त्या बागेत येण्यापूर्वी तो वर्षानुवर्षे झगडत, ऐकत, वाचत आला होता.

याहून नेमके उदाहरण डीट्रिख बोनहोफर यांचे आहे. हिटलरच्या राजवटीला विरोध करणारे हे जर्मन पाळक जून १९३९ मध्ये अमेरिकेत सुरक्षित पोहोचले होते. मित्रांनी त्यांच्यासाठी काम शोधले होते. पण मायदेशी युद्धाच्या तोंडावर आपली माणसे असताना आपण इथे काय करतो, हा प्रश्न त्यांना झोपू देत नव्हता. २० जूनला त्यांनी परत जायचे ठरवले. २६ जूनला वाचताना तीमथ्याच्या दुसऱ्या पत्राच्या शेवटची ओळ त्यांच्यासमोर आली, ज्यात पौल तीमथ्याला हिवाळ्यापूर्वी ये असे कळवतो. ती ओळ दिवसभर त्यांच्या मनातून गेली नाही, असे त्यांच्या रोजनिशीत आहे. जुलैत ते निघाले. ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनबुर्गच्या छावणीत त्यांना फाशी दिली गेली. इथे क्रम लक्षात घ्यावा. निर्णय आधी झाला होता, आणि तो वर्षानुवर्षांच्या वाचनाने घडलेल्या मनाने केला होता. वचन नंतर आले आणि त्या मनाला धीर देऊन गेले. अशा मार्गदर्शनाचा शेवट सुखात होतोच असेही नाही.

एखादे वचन कापून घेण्याचा धोका आज पूर्वीपेक्षा मोठा आहे, कारण सकाळी उठल्यावर मोबाइलवर फुलांच्या चित्रावर छापलेले एकेक वचन येऊन पडते. यिर्मयाच्या २९ व्या अध्यायातले, देवाच्या मनात आपल्या भल्याच्या योजना असल्याचे सांगणारे वचन बहुधा सर्वांत जास्त फिरते. तो अध्याय पूर्ण वाचला की कळते की हे पत्र बाबेलमध्ये बंदी म्हणून नेलेल्या लोकांना लिहिलेले आहे. त्यांना सांगितले आहे की लवकर सुटका होणार नाही, ७० वर्षे लागतील. तोवर तिथेच घरे बांधा, बागा लावा, लेकराबाळांची लग्ने करा आणि ज्या शहराने तुम्हाला नेले त्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. त्या पत्राच्या मूळ वाचकांपैकी बहुतेकांना सुटका दिसली नसणार. हे कळल्यावर वचनाचे बळ कमी होते असे कोणाला वाटेल. मला ते वाढलेले दिसते, कारण आता ते खऱ्या आयुष्याला पुरते.

बीडमध्ये भरवशाविषयी बोलणाऱ्याने जपूनच बोलले पाहिजे. १९७२ चा दुष्काळ जुन्या माणसांच्या तोंडी अजून आहे. २०१२-१३ आणि २०१५-१६ तर तरुणांनीही पाहिले. टँकरची वाट पाहत हंड्यांच्या रांगेत उभे राहणे म्हणजे काय ते इथे शिकवावे लागत नाही. कर्जापायी घरातला कर्ता माणूस गेलेली घरे आहेत. अशा घरात जाऊन देवावर भरवसा ठेवा, सगळे ठीक होईल, असे सांगणे सोपे आहे आणि क्रूर आहे. बायबल असे सांगत नाही. यिर्मयाच्या १४ व्या अध्यायात दुष्काळ आहे. पाण्याला गेलेली पोरे रिकामी भांडी घेऊन परत येतात, शेतकरी शरमेने डोके झाकून घेतात, हरिणी नुकत्याच व्यालेल्या पाडसाला टाकून निघून जाते. संदेष्टा पाऊस मागतो आणि त्याला पाऊस मिळत नाही. पुढच्या अध्यायात तो देवाला उघड उघड म्हणतो की तू मला ऐन वेळी आटणाऱ्या ओढ्यासारखा झालास. असे बोलण्याची मुभा शास्त्राने दिली आहे, ते शास्त्रातच छापून ठेवले आहे. स्तोत्रसंहितेचा मोठा हिस्सा अशाच गाऱ्हाण्यांचा आहे. हबक्कूक तर शेवटी पीक बुडाले, गोठा रिकामा झाला, असे सगळे मोजून घेतो आणि मगच देवाचे नाव घेतो. कोरडवाहू मुलखात हा भरवसा खरा वाटतो, कारण तो नुकसान मान्य करून बोलतो.

दिवाळीच्या आसपास या जिल्ह्यातून ऊसतोडीला कोयते निघतात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या फडांवर जायचे, कोपीत राहायचे, हंगाम संपून पट्टा पडेपर्यंत राबायचे. हे डोळ्यांपुढे ठेवून रूथचे पुस्तक वाचावे. दुष्काळाने घर सोडून परमुलखात गेलेले कुटुंब, तिथे मेलेले पुरुष, रिकाम्या हाताने परतणाऱ्या दोन बाया, आणि दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचून पोट भरणारी सून. सासू नामी गावात शिरताना म्हणते की मला आता गोड नावाने हाक मारू नका, माझे आयुष्य कडू झाले आहे. तिला कोणी रागावत नाही. सरवा मात्र शेतात असतो, कारण शेताच्या कडा पूर्ण कापायच्या नाहीत आणि पडलेली कणसे गरिबांसाठी सोडायची, असा कायदा लेवीयात लिहून ठेवलेला आहे. लेवीय वाचताना कंटाळून पान उलटणाऱ्याला रूथ पूर्ण कळणार नाही. आणि इथेच भरवशाची दुसरी बाजू उघड होते. देवाने रूथला सांभाळले ते शेजाऱ्याच्या कर्तव्यातून. तो कायदा पाळणारा शेतमालक बवाज नसता तर नुसत्या भरवशाने त्या दोघी जगल्या नसत्या.

मार्काचा पाचवा अध्याय बीडच्या बाईने वाचावा आणि इतरांनी ऐकावा, असे मला मनापासून वाटते. त्यात बारा वर्षे रक्तस्रावाने गांजलेली एक बाई आहे. वैद्यांच्या हाती तिने पुष्कळ सोसले आहे, जवळचे सगळे खर्च केले आहे, आणि दुखणे वाढतच गेले आहे. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळापर्यंत गेला. काम बुडू नये म्हणून, दंड भरावा लागू नये म्हणून, पाळीच्या दुखण्यावर एवढाच इलाज उरल्याचे सांगितले म्हणून तरुण बायांनी त्या करून घेतल्या होत्या. मार्काच्या त्याच अध्यायात एक बाप आहे. तो गावातला प्रतिष्ठित माणूस, तरी बारा वर्षांच्या मुलीसाठी सगळ्यांदेखत येशूच्या पायाशी पडतो. ज्या जिल्ह्यात २०११ मध्ये सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या, त्या जिल्ह्यात हा बाप वाचावा. येशू त्या प्रतिष्ठित माणसाला ताटकळत ठेवतो आणि गर्दीत लपलेल्या बाईला पुढे बोलावून तिची सगळी हकिकत ऐकून घेतो. आधी तिचे ऐकले जाते, मग मुलीकडे जाणे होते, आणि मुलगी उठल्यावर तिला खायला द्या असे तो सांगतो. या उताऱ्यावरची तीन मनने संग्रहात आहेत, तिन्ही बायांची. संपादकांनी त्यांची भाषा सुधारली नाही, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

विश्वास कमी पडला म्हणून दुखणे बरे झाले नाही, असे आजाऱ्याच्या तोंडावर सांगणारे प्रचारक आज गावोगावी फिरतात. गोळ्या बंद करा म्हणणारेही आहेत. याविरुद्ध बोलायला आपल्या शेजारचेच उदाहरण पुरेसे आहे. आष्टी-पाटोद्याला लागून असलेल्या जामखेडला १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभा केला. ख्रिस्ती श्रद्धेतूनच ते या कामाकडे वळले होते. त्यांनी गावातल्या, बहुतेक निरक्षर बायांना आरोग्यसेविका म्हणून शिकवले, आणि पाणी, पोषण, बाळंतपण यांवर त्यांच्याच हातून काम उभे केले. श्रद्धेच्या नावाखाली औषध नाकारणाऱ्याने जामखेडला जाऊन यावे.

निर्गमाच्या १६ व्या अध्यायात रानात पडणारा मान्ना एका दिवसापुरताच गोळा करायचा होता. साठवलेल्यात किडे पडत, फक्त शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट घेता येई. रोजच्या वाचनाविषयी मला इतके नेमके दुसरे काही सापडलेले नाही. कालचे वाचन आजला पुरत नाही आणि उद्याचे आज वाचून ठेवता येत नाही. पण फडावर, बाळंतपणात, आजारात दिवस चुकतात. कोपीत दिवा नसतो, अंग मोडलेले असते. वाचन चुकले म्हणून देव रुसला, असे मानून कित्येक जण वाचणेच सोडून देतात. ज्यांनी वर्षाच्या कोष्टकाने वाचायचे ठरवले आणि फेब्रुवारीत लेवीयाशी थबकले, त्यांनाही हाच अपराधी भाव खातो.

म्हणून या संग्रहातल्या मननांवर तारखा घातलेल्या नाहीत. कुठूनही सुरू करता येईल, मध्येच महिनाभर ठेवून पुन्हा उचलता येईल. मात्र क्रम विचारपूर्वक लावला आहे: रूथपासून सुरुवात, मग स्तोत्रे, मग यिर्मया आणि हबक्कूक, आणि शुभवर्तमाने त्यानंतर. गाऱ्हाण्याला जागा करून दिल्याशिवाय सुवार्ता ऐकू येत नाही, असे संपादकांचे मत दिसते आणि मला ते पटते. प्रत्येक मननाच्या वर उताऱ्याचा फक्त संदर्भ दिला आहे, वचन छापलेले नाही. ते मुद्दाम केले आहे. वाचकाने आपले शास्त्र उघडून पूर्ण अध्याय आधी वाचावा, शक्य असेल तर मोठ्याने, आणि घरात ऐकणारे कोणी असेल तर त्यांच्यासाठी. मग हे पान. मनन पटले नाही तर खाली मोकळी जागा आहे, तिथे आपले लिहावे. काही मनने एकमेकांना छेद देतात. एकाने ज्या वचनात धीर पाहिला, त्याच वचनावर दुसरी बाई रागावली आहे. ती तशीच शेजारीशेजारी ठेवली आहेत.

शास्त्राच्या जुन्या मराठीशी ज्यांचे जुळत नाही त्यांनी सोप्या भाषांतराची प्रत सोबत घ्यावी, आणि जुनीही टाकू नये. पाठ झालेली वचने आजी-आजोबांच्या तोंडी जुन्याच भाषेत आहेत आणि त्यांच्याशी बोलताना ती लागतात. ख्रिस्ती नसलेल्या वाचकाने हे पुस्तक हाती घेतले तर त्याने मार्काच्या पाचव्या अध्यायावरच्या त्या तीन मननांपासून सुरुवात करावी. ती बीडची आहेत, बीडच्या कोणालाही कळतील.